गोळी न घेता, फक्त राहणीमान बदलून पक्षाघाताचा धोका कमी करता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, वडिलांना ५८व्या वर्षी पक्षाघात झाला, दिवसभर खुर्चीत बसून काम, आणि नुकत्याच झालेल्या तपासणीत बीपी १४८/९४ निघालं. डॉक्टर गोळीबद्दल बोलले, पण तुम्हाला गोळी नको आहे. राहणीमान बदलून भागेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

धोका नक्की कमी होतो, आणि लोकांना वाटतं त्याहून खूप जास्त. ३२ देशांत झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ या अभ्यासात (२०१६) पक्षाघाताचा जवळपास ९० टक्के धोका दहा गोष्टींशी जोडलेला आढळला: उच्च रक्तदाब, तंबाखूचं धूम्रपान, मधुमेह, बैठेपणा, आहार, पोटाचा घेर, रक्तातली चरबी, दारू, मानसिक ताण आणि हृदयाचे काही आजार. यातली प्रत्येक गोष्ट बदलता तरी येते किंवा तिच्यावर उपचार तरी आहेत. वडिलांना झाला म्हणजे मलाही होणारच, हे मनातून काढून टाका. आनुवंशिकतेने धोका थोडा वाढतो, म्हणून तुम्ही इतरांपेक्षा लवकर जागं व्हायचं, इतकाच त्याचा अर्थ.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघातानंतर माणसाला कुशीवर वळायला, आधाराशिवाय बसायला, घास तोंडापर्यंत न्यायला पुन्हा शिकवणं हे माझं काम. माझ्यासमोर येणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक सतत भेटतात. काहींनी बीपी कधी मोजलेलंच नसतं, तर काहींनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी आपल्या मनाने बंद केलेली असते. त्यामुळे वरच्या दहा गोष्टी मी एका रांगेत ठेवत नाही. त्या अभ्यासातही एकट्या उच्च रक्तदाबाचा वाटा जवळपास निम्मा होता. तुम्ही जे काही बदलाल त्याने बीपीचा आकडा खाली येतोय का, हीच तुमची कसोटी असू द्या.

बीपी इतकं का महत्त्वाचं, ते समजलं तर पुढचं सगळं सोपं जातं. मेंदूच्या खोल भागात, जिथून हातापायांना हालचालीचे संदेश जातात, तिथे अगदी बारीक रक्तवाहिन्या मोठ्या धमनीतून थेट फुटतात. मोठ्या पाइपला एकदम बारीक नळी जोडावी तशी ही रचना, म्हणून मोठ्या धमनीतला दाब त्यांच्यावर जवळजवळ तसाच आदळतो. वर्षानुवर्षं तो सोसून त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि एक दिवस बंद पडते. किंवा भिंत कमकुवत होऊन फुटते आणि रक्तस्राव होतो. हे चालू असताना डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. ‘मला काही त्रास नाही’ यावर इथे विसंबताच येत नाही.

तेव्हा आधी खरा आकडा मिळवा, कारण एका मोजणीवरून काही ठरत नाही. दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, पट्टा दंडाच्या मापाचा हवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात छातीच्या पातळीत टेकलेला असावा. मोजताना बोलू नका. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. सकाळ-संध्याकाळ असं आठवडाभर लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. घरच्या मोजण्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर तो उच्च रक्तदाब धरतात.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवलं आहे, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा. ताटात वरून मीठ घेणं बंद केलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. पण पाकीटबंद, खारवलेले आणि बाहेरून मागवलेले पदार्थ यांतून जे मीठ जातं ते दिसत नाही, आणि ते बरंच असतं. चीनमध्ये सुमारे ६०० गावांत झालेल्या एका प्रयोगात अर्ध्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं. २०२१ साली निकाल आला: पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. फक्त मीठ बदलून! मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील, तर असं मीठ धोक्याचं ठरू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. भाज्या, फळं, कडधान्यं वाढवली की पोटॅशियम आपोआप वाढतं, पण तिथेही हीच अट.

चालण्याबद्दल मला आग्रहाने सांगायचंय. आठवड्याला किमान १५० मिनिटं अशा वेगाने चाला की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. एकदम जमलं नाही तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, तेही धरले जातात. आणि सकाळी तासभर चालून नंतर आठ तास जागचं हलायचं नाही असं करू नका, मधूनमधून उठत राहा. वजन जास्त असेल, तर साधारण एक किलो उतरलं की बीपीचा वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. पाच-सहा किलोंनी काय होणार, असं म्हणू नका.

तंबाखूचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण असेल तर त्याला दुसरा पर्याय नाही, ती पूर्ण सोडायची. कमी करण्यावर समाधान मानू नका. सोडल्यावर धोका काही वर्षांत बराच खाली येतो. दारू जितकी कमी तितकं बरं. झोपेत मोठ्याने घोरता, मध्येच श्वास अडकतो, दिवसा पेंग येते असं घरचे सांगत असतील, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करा. तोही बीपी वाढवतो आणि अनेकदा वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. नाडी अनियमित लागत असेल तर ईसीजी काढा, कारण एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि तो नुसत्या चालण्याने जात नाही, बहुतेकांना रक्त पातळ करणारं औषध लागतं.

राहिली गोळी. आकडा थोडाच वर असेल आणि दुसरा मोठा धोका नसेल, तर डॉक्टर स्वतःच काही महिने राहणीमान बदलून पाहायला सांगतात. तशी मुभा तुम्हाला आहे का, हे त्यांना सरळ विचारा. असेल तर फेरतपासणीची तारीख तिथेच ठरवा. त्या तारखेला आकडा उतरलेला नसेल तर गोळी सुरू करा. त्यात तुमची हार नाही. वरचा आकडा १० ने उतरला तर पक्षाघाताचा धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी होतो, आणि गोळी चालू असली तरी चालणं आणि कमी मीठ यांचा फायदा मिळतच राहतो. कधीकधी त्यांच्यामुळे डोसही कमी करता येतो. तो डॉक्टरांनी करायचा, आपण नाही.

आणि कृपा करून ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून आपल्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका. पूर्वी पक्षाघात किंवा हृदयविकार न झालेल्या माणसात त्यातून होणारा रक्तस्राव फायद्याला भारी पडू शकतो.

घरातल्या सगळ्यांना लक्षणं माहीत हवीत: तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात वर न टिकणं, बोलणं जड होणं, अचानक एका डोळ्याने न दिसणं किंवा तोल जाणं. ही पाच मिनिटांत आपोआप गेली तरी ताबडतोब, चोवीस तास सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं, कारण मोठा झटका येण्याची भीती त्यानंतरच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून तिथे पहिला प्रश्न येतो की माणूस शेवटचा ठीक कधी होता. ती वेळ लिहून न्या. हे घरच्यांनाच ठाऊक असायला हवं, कारण ज्याला झटका येतो त्याला स्वतःला कित्येकदा काही झालंय हे कळतच नाही.