गावाशेजारी दगडखाण होऊ घातली आहे. जनसुनावणीवर बहिष्कार टाकावा का?

अजिबात नको. बहिष्काराचा फायदा होतो तो फक्त खाणवाल्याला.

आमचं गाव साक्री तालुक्यात. धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या लांबच लांब, भिंतीसारख्या टेकड्या आहेत, भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात. ही भिंत जमिनीखालीही तशीच उभी असते आणि बऱ्याच ठिकाणी झिरपतं पाणी अडवून धरते. आमच्याकडे तिच्या वरच्या अंगाच्या विहिरी उन्हाळ्यात तग धरतात, खालच्या अंगाच्या होळीलाच तळ गाठतात. नेमकी तीच टेकडी फोडायचा प्रस्ताव आला.

सुनावणीच्या दिवशी माझ्या चुलतभावाने मंडपात घोषणा सुरू केल्या आणि निम्मं गाव उठवून रस्त्यावर नेलं. त्याचं म्हणणं, माणसंच नसली तर सुनावणी रद्द होते. साफ चुकीचं. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत सुनावणीला गणपूर्तीची अटच नाही. चार टाळकी बसली तरी ती झाली म्हणून नोंद होते, आणि बाहेर गेलेल्यांची हरकत कागदावर येतच नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, जागचे हलले नाहीत. शेजारच्या गावात आधीच क्रशर आहे, तिथल्या वावरातली कापसाची फुटलेली बोंडं ते पिशवीत घेऊन आले होते. टेबलावर ठेवली तर कापूस सगळा राखाडी, चिमटीत धरला की बोटाला खरखर लागायची. असा माल व्यापारी भाव पाडूनच मागतो. आबा त्यावर बोलले, मग विहिरींवर बोलले, डाइकचं सगळं समजावून सांगितलं. शेवटी साहेब लोक फायली आवरायला लागले, तेव्हा आबा म्हणाले, "काय लिखं ते आमले वाची दखाडा."

हा आपला हक्क आहे. सुनावणीचा गोषवारा तिथल्या तिथे स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा आणि त्याच दिवशी इतिवृत्तावर सही करायची, असं त्याच अधिसूचनेत आहे. वाचलं तर काय, "धुळीबाबत शंका", एवढंच. विहिरींचा उल्लेखच नव्हता. आम्ही उठलो नाही. विहिरी लिहून घेतल्या, टेकडीमुळे पाणी अडतं हेही लिहून घेतलं, मगच सही होऊ दिली.

तुम्ही सुनावणीआधी खाणीच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश मिळवा, लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या. मात्र खाण ५ हेक्टरच्या आतली आणि एकटीच असेल तर साधारणपणे जनसुनावणी होत नाही, हे आधी तपासा. गाव पेसात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्यात, येत असेल तर गौण खनिजाच्या (यात असा दगडही येतो) खाणपट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते, तिथे जोर लावा. पर्यावरण मंजुरी निघालीच तर पुण्याच्या हरित लवादात ३० दिवसांत अपील करा. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

आमच्याकडे मंजुरी निघाली, आम्ही पुण्याला गेलो. वकिलाने सगळ्यात आधी मागितलं ते इतिवृत्त. चुलतभाऊ आजही पारावर सांगतो की रस्ता अडवला म्हणून खाण अडली. रस्ता त्याच संध्याकाळी मोकळा झाला होता. अपील अजून चालू आहे, आणि ते उभं आहे विहिरींच्या त्या मुद्द्यावर.