ख्रिस्ती रोमँटिक सस्पेन्स लिहिणारे कादंबरीकार काम कसं करतात आणि स्वतः काय वाचतात?

तुम्ही विचारलंय की हे लेखक वर्षाला दोन-दोन कादंबऱ्या कशा पुऱ्या करतात, त्यात देवाधर्माचा भाग प्रवचन न होता कसा बसवतात, आणि स्वतः काय वाचतात. मधला प्रश्न सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्यालाच जास्त जागा देतो.

या प्रकारात तीन धागे असतात. कुणीतरी जिवावर उठलेलं असतं, दोन माणसं प्रेमात पडतात, आणि त्यातल्या निदान एकाचा देवावरचा विश्वास डळमळून पुन्हा उभा राहतो. हा मुख्यतः अमेरिकन प्रकाशनव्यवहार आहे. हार्लेक्विनच्या ‘लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स’ मालिकेतलं पुस्तक साधारण ५५,००० शब्दांचं असतं. रेव्हेल, बेथनी हाऊस अशा प्रकाशकांची मोठी पुस्तकं ८५,००० ते एक लाखाच्या घरात जातात. दोन्हीकडे एक अडचण सारखीच असते. गुन्हेगार सापडणार आणि जोडी जमणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. मग श्वास रोखायचा कशासाठी?

नवखे लेखक इथेच फसतात. संकट आलं, नायिकेने प्रार्थना केली, पुढच्याच परिच्छेदात दार उघडलं! असं दोनदा झालं की तिसऱ्या संकटाला कुणी घाबरत नाही. माझ्या मते विश्वासाच्या धाग्याने पात्राची सुटका करायची नसते, त्याचा निर्णय महाग करायचा असतो. खोटं बोलून जीव वाचणार असेल तर काय करायचं? ज्याने भावाला मारलं तोच जखमी होऊन समोर पडला असेल तर रक्त थांबवायचं का? सूड देवाचा, असं म्हणणारं पात्र पिस्तुलाच्या चापावर बोट असताना काय करतं? ताण या प्रश्नांत असतो, कारण इथे शेवट ठरलेला नाही.

बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातला तिसरा अध्याय पाहा. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला सांगतात, आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. हा जो ‘तरी’ आहे, तो तुमच्या पात्राला कुठल्या प्रकरणात म्हणावा लागतो, ते लिहायला बसण्याआधी ठरवा.

वाक्यांच्या पातळीवर हे कसं दिसतं ते बघू. नायिका गोदामात लपली आहे. कच्च्या खर्ड्यात बहुधा असं येतं:

“प्रभू, तू माझा मेंढपाळ आहेस. तू मला कधीच टाकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. माझं भय दूर कर.” तिच्या मनात एकदम शांती पसरली.

आता हेच असं:

“प्रभू, मला भीती वाटेल तेव्हा मी—” पुढचं आठवेना. लहानपणापासून पाठ होतं. बाहेरची पावलं दाराशी थांबली. “मी—” कडी हलली.

ते वचन स्तोत्र ५६:३ मधलं आहे, आणि उरलेला भाग ‘तुझ्यावर भरवसा ठेवीन’ असा आहे. ज्याला ते पाठ आहे तो वाचक मनातल्या मनात ते पुरं करतो, म्हणजे प्रार्थना वाचकाकडून होते. ज्याला पाठ नाही त्याला नुसती भीती मिळते, आणि तीही पुरेशी आहे. मग दहा-बारा प्रकरणांनी, काहीच धोका नसताना, भांडी पुसता पुसता तिला ती ओळ आठवते. किंवा नायक ती पुरी करतो, कारण त्या रात्री भिंतीपलीकडून त्याने अर्धी ऐकलेली असते. भय, प्रेम आणि विश्वास एकाच वाक्यात येतात, प्रवचन झोडावं लागत नाही.

आता कामाची पद्धत. बरेच जण नायिकेपासून सुरुवात करतात. मी खलनायकापासून करायला सांगेन. त्याची चार-पाच पानांची रोजनिशी लिहा: कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे होता, त्याला काय माहीत झालं, कुठली चूक झाली. ही पानं पुस्तकात येत नाहीत. ती नसली की मग मधल्या भागात गुन्हेगार लेखकाच्या सोयीने उगवतो, दर तीन प्रकरणांनी गाडी अंगावर घालतो, आणि शेवटी त्याचा हेतू दोन पानांच्या कबुलीजबाबात कोंबावा लागतो.

त्यानंतर प्रसंगांचा तक्ता करा. ५५,००० शब्द आणि एका प्रसंगाला सरासरी १,३५० धरले तर चाळीसेक प्रसंग होतात. तक्त्यात रकाने असे: वार आणि वेळ, कुणाच्या नजरेतून, पोलिसांना काय ठाऊक, वाचकाला काय ठाऊक, खलनायक या क्षणी कुठे, दोघांमधलं अंतर किती कमी-जास्त झालं, आणि विश्वासाच्या बाबतीत काय हललं. एका प्रसंगाने निदान दोन धागे पुढे नेले पाहिजेत. फक्त एकच नेणारा प्रसंग शेजारच्यात मिसळा. खलनायक कुठे हा रकाना सलग पाच-सहा ओळी रिकामा राहिला, तर तिथे पुस्तक ढिलं पडलंय असं समजा.

याच तक्त्यावर एक प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ती पोलिसांकडे का जात नाही? ‘कुणी विश्वास ठेवणार नाही’ हे उत्तर एकदाच चालतं. टिकणारी उत्तरं वेगळी असतात: ती गेली आणि तक्रार नोंदवून घेतली, पण पुरावा गायब झाला, किंवा तक्रार केली तर धाकट्या भावाचा ठावठिकाणा उघड होतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नायकच तपास अधिकारी. म्हणूनच या पुस्तकांत पोलीस, एफबीआय आणि शेरीफची माणसं इतकी दिसतात.

रोजचा हिशोब रुक्ष आहे. दिवसाला १,००० शब्द, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे अकरा आठवड्यांत पहिला खर्डा. बाहेरून जी ‘वर्षाला दोन’ दिसतात, त्यांच्यामागे एकाच वेळी तीन पुस्तकं वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात: एकाचा खर्डा, दुसऱ्याच्या संपादकीय सूचना, तिसऱ्याची जाहिरात. गोंधळ होतो तो इथेच. खर्डा रंगात आला असताना जुन्या पुस्तकाची प्रुफं येतात आणि आठवडा खातात. तो आठवडा वेळापत्रकात आधीच मोकळा ठेवलेला बरा.

प्रेमाच्या धाग्यात काळाचं गणित अडतं. सस्पेन्सची गोष्ट सात ते दहा दिवसांत घडते. तेवढ्यात दोन समंजस माणसं लग्नाचं वचन देतील हे पटत नाही. म्हणून जुनी ओळख, मोडलेला साखरपुडा, शाळेतला मित्र, मृत भावाचा सहकारी असे दुवे वापरतात. नाहीतर शेवटच्या पानानंतर ‘सहा महिन्यांनी’ असं उपसंहाराचं प्रकरण जोडतात. चुंबन साधारण दोन तृतीयांश पुस्तकानंतर येतं आणि मजल तेवढीच. शिव्या नाहीत, रक्तपाताचं वर्णन जेवढ्यास तेवढं. या बंधनांवर नाक मुरडणारे असतात, पण बंद दारामागचा आवाज उघड्या जखमेपेक्षा जास्त घाबरवतो हे लिहून बघितलं की कळतं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्याला कळत नाही. नायिका श्रद्धाळू आणि नायक अविश्वासी असेल, तर या वाचकवर्गाला बायबलच्या २ करिंथ ६:१४ मधलं, अविश्वासी माणसाशी ‘विजोड’ न होण्याबद्दलचं वचन लगेच आठवतं. त्यामुळे वचनबद्ध होण्याआधी नायकाचा प्रश्न सुटावा लागतो, आणि तोही तिला मिळवण्यासाठी नाही. ती त्याच्या आयुष्यातून निघून गेली आहे असं त्याला वाटत असताना तो देवाकडे वळला, तरच ते खरं वाटतं. क्षमेचंही तसंच: तिने गुन्हेगाराला क्षमा केली म्हणून त्याच्या बेड्या निघत नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या प्रसंगांत ठेवा.

तपशिलाच्या चुका हा वाचक माफ करत नाही. ग्लॉक पिस्तुलांना सहसा बाजूला सेफ्टीचा खटका नसतो, तरी दर दुसऱ्या हस्तलिखितात नायक तो सरकवतो. क्लोरोफॉर्मच्या रुमालाने माणूस दोन सेकंदांत पडत नाही, काही मिनिटं लागतात. डोक्यात फटका बसून अर्धा तास बेशुद्ध राहिलेला माणूस उठून पळत नाही. ती मेंदूची गंभीर इजा असते. खांद्याला लागलेली गोळी ‘किरकोळ’ नसते, तिथे मोठी धमनी आणि हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या मिरांडा निकालानंतर गप्प राहण्याचे, वकील मागण्याचे हक्क सांगायचे ते ताब्यातल्या माणसाची चौकशी सुरू करण्याआधी. बेड्या ठोकतानाच ते म्हटले पाहिजेत असं नाही. आणि अमेरिकेत साक्षीदारांना नवी ओळख देऊन लपवण्याचं संघीय काम एफबीआय करत नाही, यूएस मार्शल्स सर्व्हिस करते. हे एकदा चुकलं की पोलीस खात्यातला वाचक पुस्तक मिटतो.

फेरलेखन एका दमात करू नका. पहिल्या फेरीत फक्त वेळ बघा: फोनची बॅटरी, जखम भरायला लागणारे दिवस, अंधार पडण्याची वेळ. दुसरीत सुगावे. खरा गुन्हेगार पहिल्या चतुर्थांशात वाचकाला भेटलेला असावा, तोही काहीतरी साधं काम करताना. तिसऱ्या फेरीत प्रत्येक प्रार्थनेवर पिवळा रंग मारा आणि ती काढून प्रसंग वाचा. काहीच बिघडलं नाही, तर ती प्रार्थना लेखकाची होती, पात्राची नव्हती. काढून टाका.

आता वाचन. आपल्याच प्रकारातली गेल्या दोन-तीन वर्षांतली दहा-पंधरा पुस्तकं वाचलीच पाहिजेत, पण तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन. कुठल्या पानावर कुठला धागा हलला ते समासात खुणा करत जा. स्वतःचा खर्डा चालू असताना मात्र ती बाजूला ठेवा, लय उचलली जाते. त्या काळात जुन्या इंग्रजी रहस्यकथा बऱ्या. डोरोथी सेयर्स यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे: त्या ख्रिस्ती धर्मविचारावरही लिहायच्या, आणि त्यांचा गुप्तहेर लॉर्ड पीटर आणि रहस्यकथा लिहिणारी हॅरिएट व्हेन यांचं प्रेम १९३० ते १९३७ अशा चार कादंबऱ्यांत हळूहळू पिकत जातं. त्यातल्या शेवटच्या कादंबरीचं उपशीर्षकच ‘मध्ये मध्ये तपासाचे व्यत्यय येणारी प्रेमकथा’ अशा अर्थाचं आहे! शिवाय न्यायवैद्यकावरची पुस्तकं आणि खटल्यांतल्या साक्षी. साक्षीत माणसं कशी अडखळतात, किती फालतू तपशील सांगतात, हे संवाद लिहिताना कामी येतं.

आणि विलापाची स्तोत्रं. दिलाशाची सगळ्यांना पाठ असतात, म्हणून हस्तलिखितात तीच ती येतात. स्तोत्र ८८ वाचा. त्यात शेवटीही सुटका नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. पुस्तकाच्या तीन चतुर्थांशावर, जिथे नायिकेचं सगळं हरलेलं असतं, तिथला सूर कसा धरायचा हे त्यातून जितकं कळतं तितकं लेखनकलेच्या पुस्तकांतून कळत नाही.

हस्तलिखित पाठवण्याबद्दल थोडक्यात: लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्सला एजंटशिवाय, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणाऱ्या मध्यस्थाशिवाय, पाठवता येतं, रेव्हेल आणि बेथनी हाऊसला बहुतेक वेळा एजंट लागतो. सारांशात गुन्हेगाराचं नाव लपवू नका. संपादकाला कोडं नको असतं, शेवट हवा असतो. एसीएफडब्ल्यू या ख्रिस्ती कथालेखकांच्या संघटनेची ‘जेनेसिस’ ही अप्रकाशित लेखकांसाठीची स्पर्धा आहे. तिथे परीक्षकांचे शेरे मिळतात, ते बक्षिसापेक्षा उपयोगी.

पवित्र शास्त्रातले उतारे घेताना भाषांतर कुठलं ते बघा. एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्शन) या इंग्रजी भाषांतरातली ५०० पर्यंत वचनं लेखी परवानगीशिवाय घेता येतात, मात्र त्यात शास्त्रातलं एखादं संपूर्ण पुस्तक येता कामा नये, वचनं तुमच्या मजकुराच्या २५ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजेत आणि कॉपीराइटची ओळ छापावी लागते. किंग जेम्स भाषांतर अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे. कॉपीराइट संपलेली जुनी भक्तिगीतं बिनधास्त घ्या. आजच्या उपासनागीताचं नुसतं नाव घ्यायला हरकत नाही, शीर्षकावर कॉपीराइट नसतो. पण दोन ओळी जरी छापायच्या म्हटल्या तरी परवानगी काढण्याचं आणि पैसे भरण्याचं काम बहुतेक करारांत लेखकाच्याच गळ्यात पडतं.