वर्क ऑर्डर आहे, करारनामा नाही: मुलांच्या वर्गाचं थकलेलं बिल कसं मिळवायचं?

प्रश्न : कळवा ते दिघा पट्ट्यातल्या एका वस्तीत आमचा नोंदणीकृत ट्रस्ट शाळा सुटल्यावर मुलांचा वर्ग चालवतो. ४६ मुलं आहेत. बहुतेकांचे आईवडील नाक्यावर किंवा घरकामाला जातात. काही मुलं शाळा सोडायच्या बेतात होती, दोघं बालकल्याण समितीकडून आलेली आहेत. महापालिकेने वर्षभराची वर्क ऑर्डर दिली आणि पहिल्या तिमाहीचं बिलही काढलं. पुढच्या दोन तिमाहींचे ३,६०,००० रुपये अडकले आहेत. साहेब बदलले. ‘करारनामा झालेला नाही, तरतूद संपली’ असा शेरा मारून चार महिन्यांपूर्वी बिलं परत आली. तोंडी मात्र ‘वर्ग चालू ठेवा, बघू’ असं सांगतात. शिक्षिकांच्या मानधनासाठी खजिनदारांच्या भावाकडून ट्रस्टच्या नावाने दोन लाख उसने घ्यायचं ठरतंय. कोर्टात जावं का?

उत्तर : ताई, आधी ती उसनवारी थांबवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना ट्रस्टसाठी कर्ज घेता येत नाही. पैसे बिनव्याजी असोत वा घरच्या माणसाचे, फरक पडत नाही. भावाला मदतच करायची असेल तर त्यांनी देणगी द्यावी आणि तुम्ही पावती फाडावी. महापालिकेशी भांडताना तुमचेच हिशेब वादात सापडले, तर मुलांची बाजू नाहक लंगडी पडेल.

दुसरी घाई तारखेची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. कराराच्या पैशांना ही मुदत लागते की नाही, यावर युक्तिवाद होऊ शकतो. तो वाद आपण ओढवून घ्यायचा नाही. बिलं परत येऊन चार महिने गेलेत. नोटिशीचा एक गेला की हातात एकच उरतो. म्हणून नोटीस याच आठवड्यात द्या.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात दोन मागण्या एकमेकींत अडकल्या आहेत : झालेल्या कामाचे पैसे आणि वर्ग पुढे चालू राहणं. त्या सोडवून घ्या, कारण पहिलीत तुमची बाजू भक्कम आहे, दुसरीत तितकी नाही.

‘करारनामा नाही’ ही हरकत पोकळ नाही. महापालिकेचे करार कसे व्हावेत हे अधिनियमात घालून दिलंय आणि ती रीत सोडून झालेला करार तिच्यावर बंधनकारक नसतो. पण म्हणून काम फुकटात गेलं असं होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७० सांगतं की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं, ते फुकट करायचा इरादा नव्हता आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावाच लागतो. पश्चिम बंगाल सरकारविरुद्धच्या बी. के. मंडल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व सरकारलाही लावलं. तिथेही रीतसर करार नव्हता, अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून काम झालं होतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण उल्हासनगरचं आहे. तिथल्या नगरपालिकेने कारखान्यांना सात वर्षं जकातमाफीचं आश्वासन दिलं आणि नंतर ते फिरवलं. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या त्या प्रकरणात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, आश्वासनावर विसंबून कुणी आपली स्थिती बदलली असेल, तर सार्वजनिक संस्थाही खाजगी व्यक्तीइतकीच शब्दाला बांधील असते. प्रकरण पुढे उच्च न्यायालयाकडे परत गेलं, पण हे तत्त्व आजही वापरलं जातं. जकातमाफीच्या शब्दाला जर एवढं वजन, तर वस्तीतल्या मुलांसाठी दिलेल्या वर्क ऑर्डरला का नसावं?

लाभ घेतल्याचा पुरावा तुमच्याकडेच आहे : मुख्याध्यापकांच्या सहीचा हजेरीपट, अधिकाऱ्यांच्या भेटीचे शेरे आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे निघालेलं पहिलं बिल. नोटिशीबरोबरच माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांत. नुसत्या प्रती मागू नका, फाइल पाहायची परवानगी मागा. मंजुरीचा ठराव, टिपणी आणि लेखाशीर्ष (खर्च अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यावर टाकलाय ते) बघा. लेखा विभागाने ही रक्कम कुठे ‘दायित्व’, म्हणजे द्यायची बाकी, म्हणून दाखवली असेल, तर देणं कबूल आहे असा अर्थ निघतो आणि उच्च न्यायालयात रिट याचिकेचा, म्हणजे महापालिकेला थेट आदेश द्या अशा मागणीचा, विचार करता येतो. नाहीतर दिवाणी दावा.

एक काळजी घ्या. बिलासोबत मुलांचे फोटो आणि पूर्ण नावं जोडू नका. बालकल्याण समितीसमोर आलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे, शिक्षाही आहे. बाहेर जाणाऱ्या प्रतींत आद्याक्षरं पुरेत.

पुढच्या वर्षाचं म्हणाल तर प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य, महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६३. शाळेनंतरचा वर्ग कलम ६६ च्या ऐच्छिक कामांत बसतो. तो चालवाच, असा हुकूम कोर्टाकडून मिळणं मला कठीण दिसतं. अंदाजपत्रक ठरण्याआधीच आयुक्तांना महिला व बालकल्याणाखाली तरतुदीची मागणी द्या आणि वर्गाच्या खोलीसाठी वेगळं पत्र द्या. ‘चालू ठेवा’ म्हणणाऱ्या साहेबांना त्यांचेच शब्द तारखेसह लिहून कळवा, लेखी आदेश मागा, आवक शिक्का घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढचा वर्ग देणगीवर चालतोय असंच धरून चाला.

नोटीस पाठवण्याआधी विश्वस्तांची सभा घेऊन ठराव करा. ट्रस्टच्या दाव्यात साधारणपणे सगळेच विश्वस्त वादी लागतात. कुणी गावी असेल तर सह्या आत्ताच गोळा करायला लागा.