नोकरी सांभाळून कंपनीतले सायबर सुरक्षा कंट्रोल्स कसे शिकत राहावेत?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीतल्या एका कंपनीत नेटवर्क सपोर्टला आहात, एक सर्टिफिकेट झालंय, पण रोज नवं टूल कानावर येतं आणि पुढे काय शिकावं ते ठरत नाही. मीही मुंबईतच माहिती सुरक्षेत काम करतो आणि माझा सल्ला एकच आहे. टूलच्या मागे धावू नका. एक कंट्रोल, म्हणजे धोका रोखणारी एखादी ठरलेली व्यवस्था, हातात घ्या आणि तो नेमका कुठे फसतो, हे शोधायला शिका.

उदाहरण आपल्या दारातलंच घ्या. जून 2017 मध्ये नॉटपेट्या हा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) पसरला, तेव्हा न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. हल्ल्याचा रोख होता युक्रेनवर, पण टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज समूहाचं आणि त्यांचं नेटवर्क जगभर जोडलेलं. शिरकाव झाला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. विंडोजच्या ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तरीही पॅच लावलेली मशीनं गेली, कारण हा मालवेअर एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनची क्रेडेन्शियल्स (लॉगिनची माहिती) उचलून पुढच्या मशीनवर जात होता. म्हणजे पॅचिंगच्या रकान्यात 'पूर्ण' लिहिलेलं असूनही अ‍ॅडमिन अधिकार मोकाट असतील आणि नेटवर्क सपाट (आत विभाग न पाडलेलं) असेल, तर त्या 'पूर्ण'ला फारसा अर्थ उरत नाही.

त्यातला मला सगळ्यात शिकवून गेलेला भाग डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे कुणाला लॉगिन द्यायचं हे ठरवणाऱ्या सर्व्हरचा. मर्स्कचे डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवत होते, म्हणून एक गेला तरी दुसरा आहे, असा हिशेब होता. सगळे एकाच वेळी गेले तर काय, याचं उत्तर त्या रचनेत नव्हतं. घानामधला एक तेवढा वाचला, तोही तिथली वीज गेल्यामुळे त्या वेळी बंद होता म्हणून. त्याच्या जोरावर पुढची उभारणी झाली आणि दहा दिवसांत सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे केले गेले. रेप्लिकेशन (एकमेकांची चालू प्रत) आणि बॅकअप (वेगळी जपून ठेवलेली प्रत) यांतला फरक हा प्रसंग वाचून जसा डोक्यात बसतो, तसा व्याख्या पाठ करून बसत नाही. अशा घटना सावकाश वाचा आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून विचारा, इथे कोणता कंट्रोल असायला हवा होता, आणि असलाच तर तो का चालला नाही?

आता हाताने करायचं काम. सीआयएस कंट्रोल्स ही सुरक्षेच्या कंट्रोल्सची तयार यादी फुकट मिळते. आठव्या आवृत्तीत 18 कंट्रोल्स आहेत आणि त्यांखाली 153 उपाय. त्यातले पायाभूत 56 आधी बघा, बाकीचे मागाहून. पहिलाच कंट्रोल उपकरणांच्या यादीचा आहे आणि लोक तो कंटाळवाणा म्हणून सोडून देतात. तुम्ही सोडू नका. मॅनेजरची लेखी परवानगी घेऊन तीन याद्या काढा: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली (कंपनीच्या यूजर आणि मशीनांची मध्यवर्ती नोंद) मशीनं, अँटिव्हायरसच्या कन्सोलवर दिसणारी मशीनं आणि डीएचसीपीने (नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटणारी सेवा) आयपी दिलेली मशीनं. एक्सेलमध्ये व्हीलूकअपचं सूत्र लावून जुळवा. जी ओळ एका यादीत आहे आणि दुसरीत नाही, तिचा माग काढा. एखादा लॅपटॉप नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर असेल, एखादं मशीन कुणीतरी टेस्टिंगसाठी लावून तसंच ठेवलं असेल, एखाद्यावर अँटिव्हायरसचा एजंट आहे पण महिनोन्‌महिने अपडेट नाही. हे करताना एचआर, खरेदी आणि अ‍ॅडमिन विभागाशी बोलावं लागतं. कंट्रोल अनेकदा याच विभागांमधल्या फटीत पडतो, हे तेव्हा कळतं.

लॉगचंही, म्हणजे यंत्रणांच्या आपोआप होणाऱ्या नोंदींचंही, तसंच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. पॉलिसीत हे लिहिलेलं असतंच. तुम्ही पाच महिन्यांपूर्वीची एक तारीख धरा आणि त्या दिवशीची फायरवॉलची एक ओळ काढून दाखवा. ती निघते का, किती वेळात निघते, घड्याळ बाकीच्या सर्व्हरशी जुळतं का? 6 तासांच्या मुदतीतले दोन तास लॉगचा पासवर्ड कुणाकडे आहे हे शोधण्यातच गेले तर काय होईल, याचा अंदाज तिथेच येतो.

आयएसओ 27001 या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2022 च्या आवृत्तीतले 93 कंट्रोल्स पाठ करत बसू नका, गरज पडेल तेव्हा उघडा. तुमच्या कंपनीचे ग्राहक बँका असतील तर रिझर्व्ह बँकेचे आयटी गव्हर्नन्सचे नोव्हेंबर 2023 चे निर्देश, ब्रोकर किंवा म्युच्युअल फंड असतील तर सेबीची ऑगस्ट 2024 ची सायबर सुरक्षा चौकट मुळातून वाचा. भाषा रुक्ष आहे, पण मुंबईत या क्षेत्रातलं बरंच काम याच कागदांभोवती फिरतं. लोकलमध्ये वाचायला ते ठीक. लॉग मात्र मशीनसमोर बसूनच शिकायचे.

पुढच्या सर्टिफिकेटची घाई नको. सीआयएसएसपी या वरच्या पातळीच्या सुरक्षा सर्टिफिकेटला साधारण पाच वर्षांचा संबंधित अनुभव लागतोच. तोवर याद्या जुळवा, एखादी बॅकअप फाइल खरोखर रिस्टोअर करून बघा आणि काय सापडलं, काय दुरुस्त झालं याची नोंद ठेवा. मी मुलाखत घेतो तेव्हा उमेदवाराला असंच काहीतरी विचारतो. कुठे अडलात तर कोणत्या दोन याद्या जुळत नाहीत ते खाली लिहा, कंपनीचं नाव आणि आयपी वगळून. वेळ काढून नक्की उत्तर देईन.