गणपतीत कोल्हापूरची त्र्यंबोली (टेंबलाई) देवी आणि पंचगंगा नदी यांच्यावर, लोक आत शिरून पाहतील असा देखावा करायचा आहे. मांडव 10 बाय 20 फूट. प्रोजेक्टर कोणता घ्यावा?

अंधार नीट केला तर 3,500 ल्युमेनचा भाड्याचा पुरतो. पण प्रोजेक्टरपासून सुरुवात केलीत की देखावा फसलाच, हे माझं ठाम मत. पडद्यावरची नदी प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी डोक्यावर घेऊन लोक टेंबलाईच्या टेकडीवर जातात, त्या कथेचा जीवच पाणी. मग मांडवात खरं पाणी पडायला नको?

पाण्याचा पडदा, म्हणजे वर टांगलेल्या पाइपच्या भोकांतून पडणाऱ्या धारा, बहुतेक ठिकाणी एकाच चुकीनं फसतो. अर्धा इंची पाइप, 10 फुटांत इंचाइंचावर 2 मिलिमीटरची 120 भोकं. पंप सुरू केला की पहिल्या दोन फुटांत जोरदार धार आणि शेवटाला नुसतं ठिबक. मग रात्री अकराला ‘मोठा पंप आणा’ म्हणून पळापळ. पंप बिचारा ठीक असतो. भोकांचं एकूण क्षेत्रफळ पाइपच्या तोंडाच्या तिप्पट झालेलं असतं. एक इंची पाइप घ्या, भोकं दीड मिलिमीटरची पाडा, पाणी दोन्ही टोकांनी सोडा. भोकांची बेरीज तोंडाच्या निम्म्याच्या आत राहिली की शेवटची धारही पहिलीसारखी पडते. 8 फूट उंचीवर तासाला किमान 1,100 लिटर देणारा पंप लागेल. कूलरचा छोटा पंप इथं कामाचा नाही.

पाण्यात लाल माती कालवू नका. काही तासांत ती खाली बसते आणि भोकं बुजतात. धारा ज्यात पडतात त्या हौदाच्या तळाला गेरूच्या रंगाचं कापड अंथरा, वरून पाणी पुराचंच दिसतं. पंपाला कांद्याची जाळीदार पिशवी बांधा, कारण देवी म्हटल्यावर लोक फुलं आणि नाणी टाकणारच. तिसऱ्या दिवशी पाणी बदला, नाहीतर वास आणि डास दोन्ही. हौद जमिनीवरच ठेवा: 4 बाय 6 फुटांत 6 इंच पाणी म्हणजे 340 किलो, फळ्यांचं स्टेज ते पेलत नाही.

देवीच्या कथेतल्या कोल्हासुर राक्षसाला ‘प्रदूषणाचा राक्षस’ करून धूर सोडायचा प्रकार कृपा करून टाळा. त्यात नदी कुठंच नसते. त्यापेक्षा पंचगंगेच्या पुराची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याची पातळी भिंतीवर आखा, नदीच्या एका फुटाला भिंतीवर एक इंच. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं होतं, तीही रेघ मारा. 39 ची रेघ मोठ्या माणसाच्या कमरेशी येते, 55 ची खांद्याच्या आसपास. तिसरी-चौथीतलं पोरगं त्या रेघेच्या पूर्ण खाली उभं राहतं. आईबाप ते बघतात आणि गप्प होतात. एवढं कुठला प्रोजेक्टर करेल?

थर्माकोल 2018 पासून बंदच आहे. बांबू, गोणपाट, शाडू, उसाचं पाचट वापरा. पाचट वाळलेलं असतं, त्याच्याजवळ हॅलोजन नको.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: पाण्याजवळ फक्त 12 व्होल्टचे दिवे, पंपाच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. आत जायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी, किमान 4 फूट रुंद. प्रोजेक्टर घेतलातच तर पाण्याच्या पडद्यापासून लांब, तुषार पोचणार नाहीत असा टांगा.