"हॅलो"वरूनच ओळखते ती

"मॅडम, आमच्याशी दोन मिनिटं बोलतो आणि त्या एआयशी रात्रभर. डोक्यावर परिणाम तर नाही ना होणार?" सांगलीहून एका आईचा फोन. मुलगा जर्मनीत एमएस करतोय. मी समुपदेशक. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या घरून हल्ली हा प्रश्न वरचेवर येतो. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगा ऑनलाइन भेटला. डिसेंबर महिना, तिकडे दुपारी चारलाच अंधार. मी विचारलं, "अरे, तुझे रात्रीचे दोन म्हणजे इथले साडेसहा. आई उठलेली असते की. तिला का नाही फोन करत?"

"ती हॅलोवरूनच ओळखते, मॅडम."

तो एआय बॉट ओळखत नव्हता, हीच मुलाची सोय होती.

म्हटलं, त्याला लिहिलंयस तेच मला वाचून दाखव. एक पेपर दोनदा गेलेला. तिथे बहुतेक ठिकाणी तिसऱ्यांदा गेला की कोर्सच संपतो. इकडे घर तारण ठेवून लोन काढलेलं. बॉटचं मराठी सरकारी पत्रासारखं: "आपल्या भावना अत्यंत स्वाभाविक आहेत." श्वासाचे व्यायाम, झोपेच्या वेळा... सल्ले वाईट नव्हते. 'मी नापास झालो' हे त्याने पहिल्यांदा लिहिलं तेही तिथेच. पण "घरी सांगू का?" यावर उत्तर होतं, "तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा सांगा." तेवढ्या आधारावर पठ्ठ्याने सहा आठवडे ढकलले.

वाचता वाचता एका ओळीला अडखळला. "सकाळी उठूच नये असं वाटतं." मी सरळ विचारलं, "जीव द्यायचे विचार येतात?" (असं विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, हा गैरसमज आहे.)

"नाही. थकलोय फक्त."

तरी ११२ हा आपत्कालीन नंबर आणि टेलेफोनझेलझोर्गे या तिथल्या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा ०८०० १११०१११ हे दोन्ही नंबर समोर बसून सेव्ह करायला लावले.

तो काय बोलला ते आईला मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, बॉट बंद करायला लावू नका. मात्र गोपनीयतेचं जे बंधन मला आहे, ते बॉटला नाही, हे मुलाच्या कानावर घातलंय. उलट त्या बॉटकडूनच आम्ही विद्यार्थी सेवा केंद्राला अपॉइंटमेंटसाठी ईमेल लिहून घेतला. तिथलं समुपदेशन मोफत होतं. त्याचे पैसे तो दर सेमिस्टरला भरतच होता म्हणा, त्याला पत्ता नव्हता.

रविवारी त्याने घरी फोन केला. "काहीतरी आहे हे माहीत होतं हो," आई मला नंतर म्हणाली, "काय ते कळत नव्हतं." आता बाबांना कसं सांगायचं यावर माय-लेकाची खलबतं चालू आहेत.