पिशवी, पावती आणि मूठभर बी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

एआयनं सुचवलेलं पॅकेज, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, प्रोजेक्टमध्ये टाकलं आणि ते कोणाचं हे बघायचं नंतर आठवलं, असं तू काल फोनवर म्हणालीस. आधी तातडीचं. नुसतं पॅकेज काढून भागत नाही. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं कोठार, तिथलं पॅकेज इन्स्टॉल होतानाच त्याची स्क्रिप्ट चालू शकते आणि तुला जे वाचता येतं ते सगळं तिलाही वाचता येतं. दुसऱ्या मशीनवरून आजच सगळ्या गुप्त किल्ल्या (की) आणि पासवर्ड बदल. क्लायंटला स्वतः कळव. लाज वाटेल, तरी कळव.

2017 मध्ये कोणीतरी 'क्रॉस-एन्व्ह' या एनपीएम पॅकेजच्या नावातली मधली रेघ गाळून दुसरं पॅकेज ठेवलं होतं. काम अस्सलासारखंच करायचं आणि गुपचूप एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामसाठी मशीनवर ठेवलेल्या किल्ल्यांसारख्या नोंदी, बाहेर पाठवून द्यायचं. आता एआय तर अस्तित्वात नसलेली नावंही सुचवतं, आणि तेच नाव कोणी आपल्या नावावर नोंदवून बसलं की झालं.

बोगस बियाण्याचं पाकीटही वरून अस्सलच दिसतं ना? म्हणून तुझे बाबा पऱ्हाटी निघेपर्यंत पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बी जपून ठेवतात. लॉकफाइल म्हणजे तेच, प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि तिचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, नोंदवणारी फाइल. ती गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेव आणि लॉकफाइलप्रमाणेच चालणाऱ्या 'एनपीएम सीआय' या आज्ञेनंच इन्स्टॉल कर. पण बी मुळातच खोटं असेल तर पावती काय करणार? म्हणून नवं नाव टाकण्याआधी थांबायचं, कोण सांभाळतं, कधीपासून, ते बघायचं.

तेवढंही कधी पुरत नाही. 'एक्सझेड' या फायली आवळून लहान करणाऱ्या साधनाचं ऐक. एकट्यानं ते साधन सांभाळून थकलेल्या माणसाला 'जिया टॅन' या नावानं कोणीतरी दोनेक वर्षं मदत केली, विश्वास कमावला, आणि 2024 मध्ये 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. घातक कोड चाचणीच्या फायलींत लपवलेला, आणि तो जागा करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त लोकांनी उतरवून घ्यायच्या तयार गठ्ठ्यात होता. सापडला कसा? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आन्द्रेस फ्रॉइंडला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यानं ते सोडून दिलं नाही. मला त्याचा फार आदर वाटतो. तुझा लॅपटॉप उगाच हळू झाला तर 'नेटच खराब' म्हणून उठू नकोस.

लॉकफाइल पाठव. रविवारी दारव्ह्याला येतोय, तेव्हा एकेक नाव सोबत बसून पाहू.

तुझा,
काका